बाळंतिणीची टोपली आणि उबाल्दिनाबाईंचा गुडघा

बुधवारी दुपारी उबाल्दिनाबाई जिन्यात उभ्या राहून युरानीला कोंबडी कबूल करत होत्या. कबूल करायला जिनाच लागतो असं नाही, पण साक्षीदार नसलेलं वचन म्हणजे मिठाविना रस्सा, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे त्या चौथ्या पायरीवर होत्या, तळमजल्यावर माहेरी आलेली युरानी आठव्या महिन्याचं पोट सांभाळत खाली दारात होती, आणि तिन्ही मजल्यांवरची दारं बोटभर उघडी होती.

"टोपली माझी," उबाल्दिनाबाई म्हणाल्या. "तुझ्या वेळी तुझ्या आईलाही मीच दिली होती. आणि कोंबडी जिवंत. तांबडी. पांढरीचा रस्सा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी."

वरून त्यांच्या मुलीने, रुबिएलाने, सुचवलं की हल्ली दुकानात साफ केलेली, गोठवलेली कोंबडी मिळते. रुबिएला एक्कावन्न वर्षांची होती, नगर-ग्रंथालयात ग्रंथपाल होती आणि सव्वीस वर्षं शांततेचा पगार घेत असल्यामुळे सूचनासुद्धा कुजबुजत करायची.

"ती कोण, कुठली, कशाने मेली, तुला माहीत आहे?" आई म्हणाली. "मेलेल्या कोंबडीची चौकशी कुणाकडे करायची, पोरी?"

मग त्या वर आल्या. मक्याच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या, रेडिओवरच्या पाद्रीबाबांचा एक मुद्दा खोडून काढला, आणि या करड्या झग्यात तू संस्थेच्या मदतीसाठी डबा घेऊन फिरणाऱ्या बाईसारखी दिसतेस असं मुलीला सांगून झोपायला गेल्या. एकूण अगदी नेहमीचा दिवस. गुरुवारी जेवणानंतर त्या खुर्चीत डुलकी काढायला बसल्या आणि उठल्या नाहीत.

रुबिएलाने सगळं व्यवस्थित पार पाडलं. फुलं, प्रार्थना, कॉफी, कशात उणं पडलं नाही. युरानीला तिच्या सासूने गर्भाला मृताचा गारठा लागेल म्हणून चर्चच्या आत येऊ दिलं नाही. ती समोरच्या फुटपाथवर उभी राहून रडली आणि बोरं विकणाऱ्याने तिला बसायला खोकं दिलं. रुबिएलाला कुणी कशी आहेस विचारलं की ती "ठीक आहे" म्हणे. एकच गोष्ट तिला जमली नाही. आई वारली, हे दोन शब्द तिच्या तोंडून निघेनात. इतरांनी ते म्हटले; पाद्रीबाबांनी लॅटिनमध्येही म्हटले. ती मात्र वळसा घालून जायची. पेन्शनच्या कार्यालयात तिने सांगितलं, "त्या यापुढे येऊ शकणार नाहीत." कार्यालयाने अंथरुणाला खिळलेल्यांसाठी असतो तो अर्ज तत्परतेने पाठवला आणि सोबत लवकर बरं वाटो अशी शुभेच्छाही छापून दिली. रुबिएलाने तो अर्ज वर्णानुक्रमे फाइलला लावला.

पाचव्या आठवड्यात तिच्या उजव्या डोळ्याला रांजणवाडी आली.

आता मानिसालेस शहरात रांजणवाडी हा आजार नसून आरोप आहे. गरोदर बाईला कबूल केलेलं जो देत नाही, त्याच्या पापणीवर ती उगवते, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. डोळ्यांचे डॉक्टर हे अधिकृतपणे नाकारतात, पण मलम लिहिता लिहिता कुणाचं काही द्यायचं राहिलंय का एवढं विचारून घेतात. शेजारच्या ओलिवाबाईंनी तर विचारलंही नाही. दार उघडलं, डोळ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कोंबडी."

रुबिएलाने पापणीच्या तेलकट ग्रंथी, त्यांचं तोंड बंद होणं, त्यात होणारा जंतुसंसर्ग, हे सगळं वाचलेलं मुद्देसूद सांगितलं. ओलिवाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तांबडी कोंबडी." त्यांचं म्हणणं साधं होतं. घर वारसाने येतं, भांडी वारसाने येतात, तशी रांजणवाडीही येते. युरानीला चार दिवसांपूर्वी मुलगी झाली होती. आणि त्या नव्या टॉवरमध्ये तिची सासू तिला, इथे ओलिवाबाईंचा आवाज खाली गेला, पुडीतला रस्सा पाजत होती. पिवळी वडी, गरम पाण्यात. चाळीस दिवस जर हेच चाललं तर त्या मुलीच्या कमरेचं जे होईल ते कुणाच्या माथी, हे सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

ग्रंथालयातही तोच प्रकार. रोज फुकट वर्तमानपत्र वाचायला येणारे एक निवृत्त गृहस्थ पुस्तकांच्या खिडकीत वाकले आणि कोण बिचारी गरोदर आहे ते हळूच विचारून गेले. शालेय सहलीतल्या तिसरीच्या मुलांनी तिला पाहून आपापल्या आयांना काय काय कबूल केलंय ते आठवायला सुरुवात केली. संचालकांनी तिला केबिनमध्ये बोलावून अतिशय सभ्यपणे सुचवलं, की प्रकरण मिटेपर्यंत तिने आतल्या कोठारात काम करावं. सव्वीस वर्षांच्या निष्कलंक नोकरीनंतर रुबिएला जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांमागे एका डोळ्याने बसली.

तेव्हा तिने ठरवलं. अंधश्रद्धेसाठी नव्हे, तर विषय संपवण्यासाठी. सूचिपत्राच्या कोऱ्या कार्डावर तिने यादी केली: टोपली, गूळ, चॉकलेटच्या वड्या, दालचिनी, बाळाचा बेंबीपट्टा, दृष्ट लागू नये म्हणून लाल दोऱ्यातला काळा मणी, कोंबडी. सात वस्तू. शनिवारी सकाळी नऊ ते साडेदहा. चाळीस हजार पुस्तकांतून हवं ते पुस्तक ती तीन मिनिटांत काढून देत असे, त्यामुळे मंडईला दीड तास म्हणजे तिला उधळपट्टीच वाटली.

पहिला गाळा टोपल्या विणणाऱ्या एलादियोकाकांचा. ते मान वर न करता वेत वाकवत होते. बाळंतिणीची टोपली हवी म्हटल्यावर त्यांनी मान वर केली, आधी रांजणवाडी पाहिली, मग नाक, मग हनुवटी.

"तू उबाल्दिनाबाईंची ना? त्या कुठे आहेत? पाच शनिवार झाले, दिसल्या नाहीत."

रुबिएलाने तोंड उघडलं. दोन शब्द होते. ते घशापर्यंत आलेही. पण बाहेर आला तो तिसराच.

"गुडघा," ती म्हणाली.

एलादियोकाकांनी हातातला वेत खाली ठेवला. गुडघा हा त्यांचा विषय होता. डाव्या गुडघ्याचा त्यांना एकोणीस वर्षांचा अनुभव होता आणि उजव्याचा अकरा. त्यांनी दोन्ही दाखवले. मग म्हणाले, की आजारी बाईच्या नावाने जायची टोपली लहान असून चालणार नाही, आणि निवडलेली टोपली बाजूला सारून त्यांनी माळ्यावरून एक अशी उतरवली की तिच्यात बाळ, बाळंतीण आणि बाळाचा बाप असे तिघेही दाटीवाटीने मावले असते. वर एक काठी दिली. ही उबाल्दिनाबाईंना. परत करायची घाई नाही.

मंडईत बातमी माणसापेक्षा जोरात चालते, कारण तिला टोपली उचलायची नसते. रुबिएला गूळवालीकडे पोचली तेव्हा उबाल्दिनाबाई जिन्यावरून पडल्या होत्या. चॉकलेटच्या गाळ्यावर दोन्ही गुडघे गेले होते. दालचिनी घेताना तिला कळलं की शस्त्रक्रिया झाली आहे, आणि डॉक्टर नवशिका होता. ती प्रत्येक ठिकाणी "इतकं काही नाही" म्हणाली. हे ज्या सोशिक आवाजात ती म्हणाली, त्याने फार वाईट समज झाला. गूळवालीने सापाच्या चरबीचं मलम दिलं, चॉकलेटवालीने लोकरीचे दोन गुडघापट्टे, आणि जडीबुटी विकणाऱ्या बाईने तर पाल्याची अख्खी पेंढी टोपलीत उभी केली, रोज उकळून शेक द्यायला, आणि शेक देताना डॉक्टरचं नाव उलटं म्हणायला. रुबिएलाने डॉक्टरचं नाव माहीत नाही असं सांगितलं. बाई म्हणाली, म्हणूनच तर असले डॉक्टर सुटतात.

बेंबीपट्टा आणि काळा मणी मिळाले तेव्हा पावणेअकरा वाजले होते, आणि टोपलीत आठवडाभराच्या मुलीपेक्षा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या गुडघ्याचंच सामान जास्त झालं होतं.

उरली कोंबडी. हर्मेलिंदाबाई पिंजऱ्यांच्या मागे अशा बसल्या होत्या, की जणू कोंबड्याच रांगा लावून त्यांना बघायला आल्या आहेत. एलादियोकाका आधीच तिथे पोचून सविस्तर सांगून गेले होते.

"तीस वर्षं," हर्मेलिंदाबाई म्हणाल्या, "दर शनिवारी तुझी आई इथे येते आणि माझ्या कोंबड्यांना नावं ठेवते. एकही बरी म्हटली नाही. एकीला म्हणाली, हिला पिसं आहेत म्हणून कोंबडी म्हणायचं, नाहीतर ही दोरीच. गेले पाच शनिवार मला कुणी एक शब्द बोललेलं नाही. माझी तर भूक मेली."

त्या कुठल्याही बाजूने रोडावलेल्या दिसत नव्हत्या, पण दुःख खरं होतं. त्यांनी एक गुबगुबीत तांबडी कोंबडी पाय धरून बाहेर काढली. रुबिएलाने पाकीट उघडलं, तर त्यांनी कोंबडी मागे घेतली. आधी नावं ठेव, म्हणाल्या. रीत म्हणजे रीत. त्याशिवाय त्या घराला कोंबडी द्यायची नाही.

रुबिएलाने कोंबडीकडे पाहिलं. कोंबडीने रुबिएलाच्या रांजणवाडीकडे पाहिलं.

"जराशी किरकोळ वाटते," रुबिएला म्हणाली.

आजूबाजूच्या गाळ्यांवरचे लोक थांबून ऐकत होते. ते एकमेकांकडे बघू लागले. हर्मेलिंदाबाईंनी निराशेने मान हलवली आणि ग्रंथालयात चाललंय का हे, मोकळं बोल, असं सांगितलं.  आयुष्यभरात वाचलेल्या हजारो पानांतून कोंबडीला लागू पडेल असं एकही वाक्य रुबिएलाला आठवेना. शेवटी ती म्हणाली, "आमच्याकडच्या शब्दकोशाचा पुठ्ठा हिच्यापेक्षा मऊ आहे. आणि तो शंभर वर्षांपूर्वीचा आहे."

हर्मेलिंदाबाईंचा चेहरा फुलला. "आईवर गेलीस गं," त्या म्हणाल्या, आणि कोंबडी तिच्या हातात दिली.

 रुबिएलाने कोंबडी टोपलीत ठेवली. तेवढ्यात हर्मेलिंदाबाई एप्रन सोडत म्हणाल्या, की आज चार वाजता त्या उबाल्दिनाला बघायला येणार. पत्ता काय?

घरी एक खुर्ची होती. रुबिएलाला ती डोळ्यांसमोर दिसली आणि तिने घाईघाईने सांगितलं की आई घरी नसते. म्हणजे आज नाही. टोपली द्यायला आई स्वतःच युरानीकडे जाणार आहे.

"दोन्ही गुडघे गेलेत ना?"

"टॅक्सीने," रुबिएला म्हणाली. आणि एक खोटं दुसऱ्याला हात धरून घेऊन येतं, तसं तिने युरानीचा टॉवर, मजला आणि घर क्रमांकसुद्धा सांगून टाकला. ग्रंथपालाला संदर्भ अपुरा द्यायची सवय नसते.

कागदाच्या दुकानातल्या मुलीने टोपली चकचकीत पारदर्शक कागदात गुंडाळली, कोंबडीच्या डोक्यासाठी वर भोक ठेवलं आणि तिच्या मानेलाच पिवळा फुगीर बो बांधला, म्हणजे भेटवस्तू आणि वेष्टन असा भेद राहिला नाही. मग जेवायला घरी जावं, तर कोंबडीसकट ती टोपली जिन्यात मावेना. रुबिएलाने खालच्याच खानावळीत टोपली समोरच्या खुर्चीवर ठेवून सूप घेतलं. ते कोंबडीचं होतं. ती अर्धं सोडून उठली. टॅक्सीवाल्याने मागच्या सीटवर वर्तमानपत्र अंथरलं, आणि मानिसालेसच्या त्या छपराच्या कौलासारख्या उभ्या रस्त्यांवरून गाडी अशी काही खाली सोडली, की तिसऱ्या वळणावर कोंबडीने बेंबीपट्ट्यात अंडं घातलं. टॅक्सीवाल्याला आनंद झाला. मुलगी भाग्याची आहे, म्हणाला.

टॉवरच्या फाटकात वॉचमन होता, आणि वॉचमनकडे वही होती. रुबिएलाने नाव लिहिलं, वेळ लिहिली, सही केली. वॉचमनने टोपलीतल्या डोक्याकडे बोट दाखवून लसीकरणाचं कार्ड मागितलं. पाळीव प्राणी कार्डाशिवाय आत सोडत नाहीत.

"हा पाळीव प्राणी नाही," रुबिएला म्हणाली. "हा रस्सा आहे."

वॉचमन विचारी माणूस होता. त्याने समजावून सांगितलं, की उकळल्यावर तो रस्सा होईल आणि मग तो खाद्यपदार्थांच्या वहीत जाईल, ती वही दुसरी. पण सध्या हा रस्सा त्याच्याकडे बघतोय. त्याने व्यवस्थापिकाबाईंना फोन लावला. त्यांनी जात विचारली. मग चावते का विचारलं. बऱ्याच चर्चेनंतर असं ठरलं, की कोंबडीला पाहुणा म्हणून सहा वाजेपर्यंत प्रवेश द्यावा, तिची पाहुण्यांच्या वहीत नोंद करावी आणि जाताना ती मोजून घ्यावी.

"नाव?" वॉचमनने विचारलं.

"रुबिएला," रुबिएला म्हणाली. तिला वाटलं, तिचंच विचारतोय.

वॉचमनने कोंबडीच्या रकान्यात ते स्वच्छ अक्षरात लिहिलं. मग म्हणाला की नाव आहे म्हणजे आता ही शिजवता येणार नाही. संकुलाच्या नियमात नाव असलेल्या प्राण्याला इजा करायला बंदी आहे. कलम अकरा.

रुबिएला यावर काही बोलणार, तोच युरानीचा नवरा विल्मार खाली आला. आठवडाभर न झोपल्यामुळे त्याने आधी वॉचमनला मिठी मारली, मग टोपलीला. कुठल्याही कलमाची पर्वा न करता तो टोपली उचलून लिफ्टमध्ये गेला. रुबिएलाला वर जाता येईना. सासूबाईंचा हुकूम होता: चाळीस दिवसांच्या आत, आणि ज्या घरात नुकतंच काही झालंय तिथलं कुणी बाळाजवळ नको. पण खिडकीतून भेटायला हरकत नव्हती. दोन मिनिटांत तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत युरानी आली. डोक्याला रुमाल, दोन्ही कानांत बाळंतिणीचा कापूस, आणि बाळ झोपल्यामुळे कडेवर कोंबडी.

"मावशी," ती खाली वाकून म्हणाली. कानात कापूस असल्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतोय हे तिला कळत नव्हतं. "तांबडी आहे! त्या म्हणाल्या होत्या तश्शी!"

रुबिएलाने हात हलवला. काम झालं होतं. आईचा शब्द तिसऱ्या मजल्यावर पोचला होता. आता गुपचूप निघून जायचं आणि सोमवारी ग्रंथालयात दोन्ही डोळ्यांनी बसायचं.

तेवढ्यात फाटकाशी एक उघडी जीप थांबली. तिच्यातून हर्मेलिंदाबाई उतरल्या, एलादियोकाका उतरले, जडीबुटीवाली उतरली, आणि तिघांनी मिळून चर्चकडून मागून आणलेली चाकांची खुर्ची उतरवली. उबाल्दिनाला घरी परत टॅक्सीने पाठवणार नाही, हर्मेलिंदाबाईंनी वॉचमनला सांगितलं. तिला खाली आणा, नाहीतर खुर्ची वर जाऊ द्या.

वॉचमनने वही वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली. आत आलेल्यांत दोन रुबिएला होत्या, एक बाई आणि एक कोंबडी. उबाल्दिना एकही नव्हती.

हर्मेलिंदाबाईंनी त्याला बाजूला केलं, खिडकीखाली येऊन उभ्या राहिल्या आणि वर हाक मारली, "अगं मुली, उबाल्दिना आहे का तिथे?"

"कोण?" युरानी म्हणाली.

"उबाल्दिना. हिची आई."

ते नाव कापसातून आत गेलं. युरानीचा चेहरा बदलला. तिने हर्मेलिंदाबाईंकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, रुबिएलाकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. रुबिएलाला दिसलं, की आता ही सांगणार. पाद्रीबाबांनी सांगितलं, वर्तमानपत्राने सांगितलं, ओलिवाबाईंनी गल्लीभर सांगितलं, आणि आता ही सांगणार.

"आई वारली," रुबिएला म्हणाली.

ते ग्रंथालयातल्या आवाजात होतं. वर कोंबडी ओरडत होती. कुणालाही ऐकू गेलं नाही. एलादियोकाका खुर्चीचं चाक तपासत होते.

"आई वारली," ती पुन्हा म्हणाली, मोठ्याने. "पाच आठवडे झाले. गुरुवारी. जेवणानंतर, बसल्या बसल्या."

एलादियोकाकांनी हॅट काढली. जडीबुटीवालीने स्वतःवर क्रूसाची खूण केली. हर्मेलिंदाबाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि तिच्यात स्वतःच बसल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि गुडघे?"

"गुडघे चांगले होते. शेवटपर्यंत तीन जिने चढायची. तिला काही म्हणजे काही दुखत नव्हतं. दुखतंय ते मला."

शेवटचं ती इतकं हळू म्हणाली, की वरून कानाशी हात नेत युरानीने विचारलं, "काय म्हणालात, मावशी? ऐकू नाही आलं."

रुबिएलाने वर पाहिलं. सगळ्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या होत्या. सव्वीस वर्षांत तिने कुणावरही आवाज चढवला नव्हता, त्यामुळे तो कुठून काढायचा हे तिला आधी सापडेना. मग सापडला.

"मला दुखतंय," ती ओरडून म्हणाली. "आई नाही, आणि मला फार दुखतंय."